घामाचे पुरळ समजून मलम चोळण्याआधी

तुम्ही लिहिले आहे की पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावून तुम्ही थेट अभ्यासिकेत जाता आणि आंघोळ दुपारी खोलीवर आल्यावर होते. पाठीवर व छातीवर बारीक खाजरे दाणे आले आहेत, जांघेत गोलसर लाल चट्टा आहे, आणि दुकानातून आणलेले मलम लावले की दोन दिवस एकदम बरे वाटते, बंद केले की दुप्पट होते. हे शेवटचे वाक्य वाचले नसते तर मी उत्तर लिहिले नसते, कारण गटातल्या बाकीच्या सदस्यांनी वेळेवर आंघोळ, सुती कपडे, भरपूर पाणी हे सगळे सांगून झाले आहे. मी डॉक्टर नाही आणि तुमचे अंग मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सर्व त्या मर्यादेत वाचावे. पण ‘दोन दिवस एकदम बरे’ हे वर्णन मला तोंडपाठ आहे.

नागपुरात अंबाझरीच्या बाजूला सकाळी धावत असताना एका पावसाळ्यात माझ्या जांघेत असाच चट्टा उठला होता. घराजवळच्या औषधविक्रेत्याने तो न पाहता ‘खाज आहे का’ एवढेच विचारले आणि काउंटरच्या खालच्या खणातून एक ट्यूब काढून समोर ठेवली. खाज त्याच रात्री थांबली, लाली उतरली, चट्ट्याची उठावदार कड सपाट झाली. आणि काही दिवसांनी मांडीवर, मग कमरेवर, मग पार्श्वभागावर नवे चट्टे आले, तेही कडा नसलेले आणि वेडेवाकडे. पुन्हा गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी तीच ट्यूब मोठ्या आकारात दिली आणि ‘उष्णता आहे अंगात, ताक घेत जा’ असे वर सुनावले. बिल मागितले तर ‘एवढ्याशा ट्यूबचे बिल कशाला’ असे उत्तर मिळाले. ट्यूबच्या खोक्यावर मात्र ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला होता. माझा राग त्या दुकानावर आहे आणि तो ओसरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची भाषा समजून घेता येईल.

अशा ‘मिक्स’ मलमांमध्ये बुरशीवरचे औषध, जंतुनाशक आणि त्यांच्या जोडीला जोरकस स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन, एकत्र असते. बुरशी त्वचेत शिरली की शरीर तिच्याशी झुंजते, आणि आपल्याला दिसणारी लाली, सूज व खाज हा त्या झुंजीचा परिणाम असतो. स्टेरॉइड ती झुंजच थांबवते. त्यामुळे माणसाला आराम पडतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. बुरशीमुळे होणाऱ्या गजकर्णाचे गोल कडे, ज्यावरून कोणताही डॉक्टर तो चटकन ओळखतो, तेही पुसले जाते. म्हणजे दुखणे वाढते आणि त्याची ओळखही हरवते. जांघेतली त्वचा मुळात पातळ, त्यात ती घडीत झाकलेली, त्यामुळे तिथे स्टेरॉइड जास्त शोषले जाते आणि लांबट लालसर चरे उठतात, जे पुढे पांढरट पडतात पण पूर्णपणे जात नाहीत. माझ्या मांड्यांवर ते अजून आहेत.

त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे ओरड केल्यानंतर केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टेरॉइड असलेली अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय चालते ते तुम्ही स्वतः पाहिले आहे. कृपया खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ते मलम जांघेत, काखेत आणि तोंडावर स्वतःच्या मनाने लावू नये. ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. इसब किंवा सोरायसिसमध्ये डॉक्टर ती मोजून देतात आणि तिथे ती उपयोगी ठरतात.

आता पाठीचे दाणे. ते आणि जांघेतला चट्टा ही एकच तक्रार आहे असे धरून चालू नका. पाठीवरचे सगळे दाणे जवळपास एकाच आकाराचे असतील, केसांच्या मुळाशी असतील, खाजत असतील आणि त्यांत काळ्या तोंडाचे एकही नसेल, तर ती तारुण्यपीटिका नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे (एक प्रकारच्या सूक्ष्म बुरशीमुळे) आलेली पुटकुळी असण्याची शक्यता बरीच असते. हे यीस्ट आपल्या सर्वांच्या त्वचेवर असतेच आणि ते त्वचेवरच्या तेलावर जगते, म्हणून धावून आल्यावर पाठीला तेल चोळून घेणे या दाण्यांना मानवते. मुरुमांच्या प्रतिजैविक गोळ्यांनीही हे दाणे उलट वाढू शकतात, म्हणून मित्राची उरलेली गोळी घेऊ नका. घामोळ्या याहून निराळ्या. त्यांत घामाच्या नळ्यांची तोंडे बंद होतात आणि टोचल्यासारखे वाटते, आणि अंग थंड व कोरडे ठेवले की त्या बहुधा आपोआप बसतात. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, एवढ्यासाठीच हे सांगितले.

धावणे बंद करावे का, हा तुमचा प्रश्न होता. माझ्या मते 1600 मीटरचा सराव सोडण्याचे काही कारण नाही. घाम स्वतः निरुपद्रवी आहे, त्यात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. त्रास होतो तो धावणे संपल्यानंतरच्या त्या चार-पाच तासांत. भिजलेला टी-शर्ट पाठीला चिकटलेला, खाली रेक्झिनची खुर्ची, समोर कूलर, आणि आत तीच ओली चड्डी, ही नागपूरच्या निम्म्या अभ्यासिकांमधली सकाळ आहे. कूलरची हवा गार लागते म्हणून अंग वाळले असे वाटते, पण ती हवा स्वतःच दमट असते, आणि खुर्चीला टेकलेली पाठ व जांघेची घडी यांना तर ती लागतही नाही. आंघोळीची सोय दुपारीच असेल तर मैदानावरच्या नळाला रुमाल भिजवून मान, पाठ, काखा, जांघा पुसाव्यात, कोरड्या रुमालाने टिपून घ्यावे आणि आतले कपडे बदलूनच अभ्यासिकेत शिरावे. शर्ट बदलणे त्यामानाने दुय्यम आहे, पण लोक नेमका शर्टच बदलतात. ओल्या अंगावर पावडर थापू नये, तिचे घडीत गोळे होतात.

साबणाबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही. घासून घासून आंघोळ केल्याने त्वचा ‘स्वच्छ’ होत नाही, ती सोलवटते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साधा साबण चांगलाच अल्कधर्मी, त्यामुळे दिवसातून एकदा, घामाच्या जागांपुरता साबण पुरे. संध्याकाळच्या सरावानंतर नुसते पाणी चालते. घासणी किंवा दगड दाण्यांवर फिरवू नये, आणि जखमेचे जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता जांघेत तर मुळीच ओतू नये. त्याने त्वचा भाजते, हे मी एका सहधावकाच्या बाबतीत पाहिले आहे. बोअरचे जड पाणी असेल तर साबण नीट निघत नाही, म्हणून शेवटचे दोन तांबे अधिक घ्यावेत.

चेहऱ्यासाठी सकाळी सात-साडेसातनंतर मैदानात असाल तर एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेले, घामाला टिकणारे सनस्क्रीन लावा आणि आल्यावर धुऊन टाका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जाणाऱ्या शहरात ही चैन समजू नये. जाता जाता, लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांसाठी: लिंबाच्या रसातील काही घटक उन्हात त्वचा जाळतात आणि मागे काळे डाग ठेवतात.

तुम्ही खोलीवर चौघे राहता असे लिहिले आहे. एक टॉवेल दोघांत फिरत असेल तर तो आजच थांबवा, आणि बाकीच्यांपैकी कोणी खाजवत असेल तर त्यालाही सोबत दवाखान्यात न्या; एकाने औषध घेऊन दुसऱ्याने सोडले तर बुरशी खोलीतच फिरत राहते. कमरेला करदोडा असेल तर तो काढा किंवा बदला. तो घामाने सतत ओला राहतो, आंघोळीतही बदलला जात नाही, आणि त्याच्याखाली बुरशी खुशाल टिकते. घरच्यांची समजूत काढणे अवघड असते हे मला माहीत आहे. आतले कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा शिवणींवरून इस्त्री फिरवा.

खासगी तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जाताना ती ट्यूब खोक्यासकट न्या आणि किती दिवस लावली ते न लाजता सांगा, कारण त्यावरच पुढचे बरेचसे ठरते. त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची एक साधी तपासणी असते. डॉक्टरांनी ती सुचवली नाही तर तुम्ही नम्रपणे विचारू शकता. बुरशीचे औषध दिले तर ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. चट्टा गेला म्हणून औषध सोडणाऱ्यांना तो पुन्हा होतो. मिक्स मलम बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली आणि खाज आधीपेक्षा वाढू शकते. तेव्हा पुन्हा त्या ट्यूबकडे वळू नका, डॉक्टरांनाच फोन करा किंवा परत जाऊन दाखवा. खाजेवर ते वेगळी गोळी देऊ शकतात.