एमएस रेमिशनमध्ये असतानाही माणूस रोज आडवा होतो, हे खरं असतं की सवय लागते?

तुम्ही लिहिलंय की भावाला एमएस आहे (मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते तो आजार), बऱ्याच दिवसांत अटॅक, म्हणजे या आजाराचा नवा हल्ला, नाही, एमआरआयमध्ये नवीन डाग नाही, डॉक्टर ‘स्टेबल’, म्हणजे आजार शांत, रेमिशनमध्ये आहे, म्हणतात. तरी तो ऑफिसातून आला की पडून राहतो आणि पोरांच्या अभ्यासापासून बाजारहाटापर्यंत सगळं वहिनीच्या गळ्यात. शेवटी विचारलंय, ‘तो कारणं तर सांगत नाही ना?’

हे वाक्य वाचलं आणि वाटलं, आमच्या मेहुण्यानेच नाव बदलून प्रश्न टाकलाय.

मीही एमएसवालाच. राहतो कांदिवलीला, नोकरी चर्चगेटला. पहिला अटॅक उजव्या डोळ्यावर आला, दुसरा डाव्या पायावर. स्टेरॉइडची सलाईन चढली, दोन्ही सुधारले. आता ‘सुधारले’ म्हणजे नेमकं काय, ते ऐका.

सासुरवाडी परळला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि ऐन मे महिन्यात खोली रिकामी करायची वेळ आली. अरुंद लाकडी जिना, खाली टेम्पो उभा, वर सासूबाई ‘हे जपून, ते जपून’ करतायत. मला हलकं सामान दिलं होतं: मिक्सर, देवांचा डबा, पितळी भांड्यांची गोणी. सुरुवातीच्या फेऱ्या नीट झाल्या. मग डाव्या पायाचा चवडा पायरीला अडखळायला लागला. पाय उचलला असं मला वाटतंय, अंगठा मात्र पायरीची कड सोडत नाही. पाठोपाठ उजव्या डोळ्यासमोर धुरकट झालं. मेहुण्याचा लालभडक टी-शर्ट त्या डोळ्याला धुवून विटलेल्या गुलाबीसारखा दिसायला लागला. गोणी खाली ठेवली आणि जिन्यातच बसलो.

मेहुणा कपाटाच्या ओझ्याखालून ओरडला, “काय भावोजी, एवढ्यात दमलात? रिपोर्ट तर क्लिअर आलाय ना!” टेम्पोवाला हसला. गोणी बायकोनं उचलली आणि ते गॅलरीतल्या सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला पंचा टाकला. अर्ध्या-पाऊण तासात लाल रंग पुन्हा लाल दिसायला लागला, पाय उचलायला लागला. मी खाली उतरलो तोवर टेम्पो भरून झाला होता. मेहुणा म्हणाला, “सामान संपलं नि भावोजी ठणठणीत!” घरातल्या प्रत्येक कार्यात तो हा किस्सा अजून रंगवून सांगतो.

बाहेरून बघणाऱ्याला हा कामचुकारपणाच वाटणार, कबूल. पण एमएस नेमका असाच वागतो. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० साली लिहून ठेवलंय की एमएसच्या रुग्णांची नजर श्रमानंतर मंदावते आणि विश्रांतीनं पुन्हा येते. पुढे कळलं की खरं कारण अंगातली उष्णता. आवरण गेलेली नस कसाबसा संदेश नेत असते, शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो मध्येच अडतो. अंग थंड झालं की पुन्हा जातो. नवी इजा झालेली नसते. एमआरआय येण्याआधी तर डॉक्टर एमएसची शंका असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघत. म्हणजे मेहुण्यानं जे सोंगाचा पुरावा म्हणून मिरवलं, ती आजाराची ओळख होती. हे त्याला समजावलं तर म्हणे, “जर्मनीत ठीक आहे हो.”

रेमिशन म्हणजे नवा हल्ला थांबला, एवढंच. आपल्याकडे रस्ता खणणं थांबतं, म्हणून काही तो बुजवलेला नसतो. आपण घेतो ती औषधं पुढचे अटॅक कमी करण्यासाठी असतात. आधी जे गेलं ते भरून काढणारी नव्हेत. म्हणून स्टेबल माणसालाही मुंग्या येतात, पाय कडक होतो, लघवीला लागली की दम धरवत नाही. आणि थकवा! तो झोपून उठल्यावरही असतो. माझी चर्चगेटवर उतरतानाच बॅटरी संपलेली असते, तीही गर्दीमुळे नाही, घामामुळे. २०१७ च्या डिसेंबरात बोरिवली-चर्चगेट एसी लोकल सुरू झाली तेव्हा लोकांना ती चैन वाटली. माझ्यासारख्याला ती औषधासारखी.

तेव्हा तुमचं उत्तर: बहुतेक खरं असतं. ‘बहुतेक’ म्हणतोय, कारण तुमच्या भावाला मी ओळखत नाही. एमएस झाला म्हणून कोणी संत होत नाही, आळशी माणसालाही होतो. शिवाय सगळा थकवा एमएसचाच असं धरून चालू नका. थायरॉइड, बी-१२, मोडलेली झोप आणि नैराश्य हे बघायलाच हवं. नैराश्य आमच्यात बरंच आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. नवीन त्रास किंवा जुनाच वाढलेला त्रास चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला तर ‘उन्हाचं असेल’ म्हणत बसू नका, न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी जुनी लक्षणं उसळतात, तेही तपासून घ्या. आणि व्यायाम बंद करू नये. सकाळी, गारव्यात, झेपेल तेवढा.

वहिनीचा थकवाही खराच आहे. पण भावाला खोटं पाडून तिचं काम कमी होणार नाही. आमच्याकडे दूध, भाजी, मुलीचं गणित सकाळी माझ्याकडे. संध्याकाळी माझ्याकडून कोणी काही मागत नाही. तुम्ही बहीण आहात ना, मग रविवारी जाऊन दोन कामं उचला की.

एक राहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं तेव्हा मेहुणा म्हणाला, “धडधाकट माणसानं अपंगाच्या डब्यात बसायचं?” हो, बसायचं. कार्ड अर्धमेल्यांसाठी नसतं. मात्र बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं आणि ते तपासणीत ठरतं, त्यामुळे जुने एमआरआय, डिस्चार्जचे कागद, न्यूरोची पत्रं सगळं घेऊन जा. वहिनीला सोबत पाठवा. भाऊ एकटा गेला तर डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारल्याबरोबर ‘मस्त’ म्हणून परत येईल.