आभाराच्या यादीत नसलेलं नाव

चि. बाळास,

प्रभूची शांती आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी बाजू घेऊन मीही चिडले. दुसऱ्यांदा हसू आलं, कारण तुझ्या वयात मी अगदी हेच पत्र कुणाला तरी लिहिलं असतं. सणाआधी तीन रात्री जागून तू चर्च सजवलंस, खुर्च्या मांडल्यास, सगळे गेल्यावर त्या उचलून ठेवल्यास. मग आभाराची यादी वाचली गेली आणि तीत तुझं नाव नव्हतं. खुर्चीला हातही न लावलेल्या दोघांचं होतं. आता युवक गटात राहू की सोडू, असं तू विचारतोस.

राग आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. नाव राहिलं ही चूकच आहे, आणि यादी करणाऱ्याला ती शांतपणे सांगायला काही हरकत नाही. नम्रता म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे. पण तुला जे टोचतंय ते यादी दुरुस्त करून जाणार नाही, असं मला वाटतं.

पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी तू लहानपणापासून बघतोस. खरं सांगू, त्या दिवशी ज्यांचे पाय धुतले जातात ती माणसं घरून पाय घासून येतात. मीही तेच केलं असतं. प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं त्या माडीवरच्या खोलीत मात्र पायांना खरी धूळ होती. शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय, मार्क आणि लूक त्या रात्रीची भाकर आणि द्राक्षारस सांगतात. योहान त्याच भोजनाच्या प्रसंगी ते शब्द न लिहिता कमरेला गुंडाळलेला रुमाल आणि घंगाळातलं पाणी सांगतो. आता क्रम बघ. पाय धुऊन झाल्यावर यहूदा, प्रभूला धरून देणारा शिष्य, बाहेर पडतो. म्हणजे त्याचेही पाय प्रभूने धुतले होते; बोटांच्या बेचक्यांतून, टाचेवरून, सगळ्यांसारखेच. तो कुठे निघालाय हे ठाऊक असताना. मी अनेक वर्षं या ओळी वाचत होते, पण धुतलेल्या त्या पायांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आणि प्रभूने बरे केलेले ते दहा कुष्ठरोगी? बरे दहा झाले, परत आला एक, तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला गेलेला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूने विचारलं. म्हणजे आभार न मिळाल्याचं त्यालाही जाणवलं. पण नऊ जणांचं बरेपण त्याने परत घेतलं, असं लूक कुठेच लिहीत नाही. तुझा प्रश्न मला इथे सुटल्यासारखा वाटतो. विचारायला बंदी नाही. दिलेलं परत घ्यायचं नाही, एवढंच.

आता माझी एक फजिती सांगते. आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, नेऊन द्यायची सेवा मी काही वर्षं केली. दर रविवारी चर्चमधली उपासना, मिस्सा, झाली की गळ्यात ती छोटी सोनेरी डबी अडकवून निघायचे. एक बाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्या तोंडी एकच वाक्य, "आज उशीर झाला." कधी "ये" नाही, कधी "बरं झालं आलीस" नाही. एका रविवारी मी मनात धुसफुसतच आत शिरले. स्टुलावर पांढरा कपडा अंथरलेला, मेणबत्ती पेटवून बरीच खाली उतरलेली. सून म्हणाली, "पहाटेपासून जाग्या आहेत. केस दोनदा विंचरायला लावले." मी पवित्र भाकर पुढे केली. त्यांचा उजवा हात उचलेना, म्हणून त्यांनी डाव्या हाताने त्याला मनगटाशी धरून वर आणलं, छातीवर टेकवलं आणि पुटपुटल्या, "प्रभू, तुझे उपकार." पुन्हा तेच. पुन्हा तेच. मेणबत्ती विझेपर्यंत.

आभार दर रविवारी मानले जात होते, माझ्यादेखत. फक्त ते माझ्या नावावर नव्हते. मी पत्र पोचवणारी. आतला मजकूर माझ्यासाठी नाही म्हणून पोस्टमनने रुसावं, तशी मी रुसले होते.

मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या विधीला युखरिस्त म्हणतात, आणि या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच आभार मानणे. आपण मिस्सेत आधी घेतो, आभार मानतो, आणि मग बाहेर पाठवले जातो. मी हा क्रम उलटा लावला होता: आधी सेवा, मग आभार, आणि तेही मला. असं केलं की सेवेचा हिशेब सुरू होतो, आणि तो हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आण. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाची सुरुवात चुकांपासून होत नाही, मिळालेल्याबद्दल आभार मानण्यापासून होते. आभारही मोघम नकोत. "सगळ्यासाठी धन्यवाद" म्हणणं म्हणजे कशासाठीच न म्हणणं. खुर्च्यांचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, ते आठव.

संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज यांच्याबद्दल तू ऐकलं नसशील. लोकरीचा व्यापार बुडाला, बायको गेली, मुलं गेली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस जेज्विट या कॅथलिक धर्मसंघात ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला व्रतस्थ, झाला. मायोर्का बेटावरच्या कॉलेजात ते वर्षानुवर्षं द्वारपाल होते. घंटा वाजली की "आलो, प्रभू!" म्हणत दार उघडायला जायचे. दारात कधी बिशप असेल, कधी भिकारी, कधी उशिरा आलेला विद्यार्थी. अशाच एका विद्यार्थ्याला, पीटर क्लेव्हरला, त्यांनी अमेरिकेत सेवेला जायची प्रेरणा दिली. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या कार्टाजेना बंदरात गुलामांची जहाजं लागली की क्लेव्हर औषधं घेऊन जहाजाच्या तळघरात उतरत. दोघांनाही १८८८मध्ये एकाच दिवशी संतपद जाहीर झालं. द्वारपालाला मात्र ते कळायचं नव्हतं. तो १६१७मध्येच गेला होता.

अजून एक, थोडं अवघड. गेल्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा धर्मग्रामातली एक मुलगी मला अंघोळ घालायला येई. मी सारखी "राहू दे गं, मी करते." शेवटी ती म्हणाली, "मावशी, हात वर करा, साबण डोळ्यांत जाईल." मला प्रभूचा शिष्य पेत्र आठवला, "तू माझे पाय कधीही धुणार नाहीस" म्हणणारा. ते मला नेहमी नम्रतेचं वाक्य वाटायचं. त्या न्हाणीघरात कळलं, त्यात ताठा किती आहे. आयुष्यभर मी देणारी राहिले, कारण देणारा वरच्या बाजूला असतो. तूही कुणाला तरी तुझं काम करू दे. घरात आईचा हात आखडलेला असताना चर्चच्या खुर्च्या उचलायला धावू नकोस, हेही जाता जाता सांगते.

गट सोडायचा की नाही, ते तू ठरव. माझं एक काम मात्र कर. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. मला आता जिना चढवत नाही. कम्युनियनची व्यवस्था फादर बघतील. तू रविवारी जाऊन त्यांना त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचून दाखव, मोठ्याने, उजव्या कानाशी. ते तुझं नाव विसरतील. तुला दुसराच कुणीतरी समजतील, समजू दे. बेल एकदाच वाजव आणि थांब. वॉकर घेऊन दारापर्यंत यायला त्यांना चांगलाच वेळ लागतो.

तुझी,
मावशी