बॅटरीत पावडर ओतण्याआधी

गाडीची किंवा इन्व्हर्टरची १२ व्होल्टची जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुन्हा जिवंत करायला एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) किंवा ‘बॅटरी रिव्हायव्हर’ची बाटली घेण्याआधी हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, दोन-तीन तास तशीच ठेवा, मग सहाही सेलची (कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे त्यातल्या अ‍ॅसिडची सापेक्ष घनता, मोजा. एकच सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल, किंवा पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर एक सेल बहुधा शॉर्ट (आतल्या आत जोडला जाऊन निकामी) आहे. प्लेटवरून झडलेला मसाला (लेप) कुठल्याही पावडरीने परत चिकटत नाही.

सगळेच सेल सारखे, १.२०० च्या आसपास असतील, तर सल्फेशनची (प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमल्याची) शक्यता जास्त. प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि मोकळ्या हवेत २-३ अँपिअरने दिवसभर चार्ज करा. सुधारायची असेल तर यानेच सुधारेल. मिठाने ग्रॅव्हिटीचा आकडा चढतो, क्षमता नाही. लोक नेमके तिथेच फसतात. वरून अ‍ॅसिडही घालू नका.