रेझिनमध्ये रंग कोणता घालावा?

प्रश्न : मी घरी इपॉक्सी रेझिनचे ट्रे आणि दारावरच्या नावाच्या पाट्या करते. घरात चित्रकलेचे ॲक्रेलिक रंग होते, तेच मिसळले. पण पाटी नीट कडक झाली नाही, नखाचा ओरखडा सहज उमटतो. दुकानात पिगमेंट पेस्ट, अल्कोहोल इंक, मायका पावडर असे कितीतरी प्रकार दिसतात. निवड कशी करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ॲक्रेलिक रंगात पाणी असते आणि ते पातळ रेझिन व त्याला कडक करणारा हार्डनर यांच्या अभिक्रियेत अडथळा आणते. एखाद-दुसरा थेंब खपून जातो, परंतु गडद छटेच्या मोहाने रंग वाढवत नेला की वस्तू धुरकट आणि मऊ राहते. खाण्याच्या पातळ रंगांचीही तीच अडचण आहे.

निवड करताना वस्तूतून उजेड आरपार दिसायला हवा आहे का, हे आधी ठरवावे. हवा असेल तर डाय घ्यावा, कारण तो रेझिनमध्ये पूर्ण विरघळतो आणि रंगीत काचेसारखी पारदर्शक छटा देतो. नको असेल तर पिगमेंट घ्यावे. त्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण प्रकाश अडवतात, म्हणून खालचा लाकडी फळा झाकला जातो.

आपली पाटी दारावर, म्हणजे बहुधा उन्हात, लागणार असल्याने तिच्यासाठी डायचा विचार सोडून द्यावा. अल्कोहोल इंकमध्ये सहसा डायच असतात आणि त्यांतील गुलाबी व जांभळ्या छटा उन्हाने लवकर विटतात. आयर्न ऑक्साइडचा तांबडा, टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा किंवा थॅलो निळा ही पिगमेंट्स मात्र ऊन चांगले सोसतात. तरीही पांढरी पाटी करावी, असे मी सुचवणार नाही. उन्हात रेझिन स्वतःच पिवळसर पडते, त्यामुळे पांढरा मळकट दिसू लागतो आणि फिकट निळ्याला हिरवट झाक येते. गडद रंगात हा फरक जाणवत नाही.

रेझिनसाठीच तयार केलेली पेस्ट १०० ग्रॅम मिश्रणाला २ ते ३ ग्रॅम पुरते. ५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. रंग आधी रेझिनमध्ये घोटून मग हार्डनर घालणार असाल, तर हार्डनरचे प्रमाण रंगाचे वजन वगळून, फक्त रेझिनच्या वजनावरून काढावे. कपात गडद दिसणारा रंग पातळ थरात बराच फिका पडतो, म्हणून ओतण्यापूर्वी थोडे मिश्रण पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणावर पसरून पाहावे.

प्रश्न : मायका पावडरची सगळी चमक साच्याच्या तळाशी बसते. पावडर वाढवावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाढवू नये. मायका म्हणजे अभ्रक, आणि ते रेझिनपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने पातळ मिश्रणात खाली बसणारच. मिश्रण कपात थोडे थांबू द्यावे, मधासारखे दाट झाले की पुन्हा हलक्या हाताने ढवळून ओतावे. फार थांबल्यास कपातच उष्णता वाढून ते अचानक गोठते, म्हणून कप हाताला गरम लागू लागताच ओतणे उत्तम. खोल साचा असेल तर दोन-तीन थरांत भरावा. कोरडी पावडर हाताळताना मास्क हवाच.

प्रश्न : रांगोळीचे रंग, हळद किंवा कुंकू चालेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पूर्ण कोरडे असतील तर कडक होण्यात सहसा अडचण येत नाही. परंतु रांगोळीचे कण भरड असल्याने ते खाली बसतात, हळदीचा पिवळा उजेडात उडतो आणि बाजारातील कुंकवात कोणता रंग घातला आहे, हे पुडीवरून कळत नाही. कपाटात राहणाऱ्या शोभेच्या वस्तूत हौसेने घालण्यास हरकत नाही. विकण्याच्या वस्तूत घालू नये.