वाचकांचे प्रश्न : तीच पाच पाने दोनदा मोजता येतात का?

प्रश्न : दिवाळीत अंबाजोगाईच्या आमच्या घरी सहा जणांनी, पैसे न लावता, चिंचोके घेऊन सेव्हन कार्ड स्टड हाय-लोची स्पर्धा खेळली (हा सात पानांचा पोकर; जमलेल्या चिंचोक्यांचा ढीग म्हणजे पॉट, त्याचा अर्धा भाग सर्वांत भारी पाच पानांना म्हणजे हायला आणि अर्धा सर्वांत लहान पाच पानांना म्हणजे लोला). बूट एक चिंचोका, तिसऱ्या-चौथ्या पानाला चाल दोनची आणि पाचव्यापासून चारची. एका डावात माझ्याकडे एक्का आणि चव्वी झाकलेली, दुर्री उघडी होती. सर्वांत लहान पान म्हणून एका चिंचोक्याची सक्तीची चाल माझ्यावर आली. राजा दाखवणाऱ्या मामांनी ती दोनवर नेली. छक्कीवाला आत्तेभाऊ आणि मी टिकलो. तिर्री, राणी आणि अठ्ठी दाखवणारे तिघे पॅक झाले. चौथ्या पानाला मला पंजी, मामांना दुसरा राजा, आत्तेभावाला नव्वी; मामांच्या चालीवर तो पॅक. पुढे मला अठ्ठी व सत्ती, मामांना गुलाम व दश्शी, आणि शेवटी झाकून मला तिर्री मिळाली. मामा दर वेळी चाल करीत आणि मी बरोबरी करीत गेलो. शेवटी मामांची राजा-गुलामाची दोन जोड निघाली. तीच पाच पाने हायला आणि लोला दोनदा मोजता येत नाहीत, असे सांगून त्यांनी 40 पैकी 20 चिंचोके घेतले. ते बरोबर होते का?

— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही, 40 चिंचोके तुमचेच होते. या खेळात हाय आणि लो हे दोन हात सात पानांतून स्वतंत्रपणे निवडले जातात आणि दोन्हींकडे तीच पाच पाने वापरण्यास कोणतीही आडकाठी नसते. लोसाठी अठ्ठी किंवा त्याखालची, वेगवेगळ्या आकड्यांची पाच पाने लागतात, एक्का लहानही धरता येतो आणि सिक्वेन्स झाल्याने लो बिघडत नाही. त्यामुळे तुमचा एक्का ते पंजी हा सर्वांत चांगला लो होता आणि सिक्वेन्स म्हणून तो दोन जोडांनाही भारी होता. शिवाय मामांचा नियम घटकाभर मानला, तरी सत्ती-पंजी-चव्वी-दुर्री-एक्का हा निराळा लो तुमच्याकडे सहाव्या पानालाच तयार होता.

मात्र तुमच्या पत्रातील खरी चूक वेगळीच आहे. पाचव्या पानाला तुमचा लो पुरा झाला, तेव्हा मामांसमोर राजा, राजा आणि गुलाम उघडे होते. म्हणजे उरलेली चारही पाने लहान निघाली तरी त्यांचा लो होणे अशक्य होते. आता समोर एकटे मामाच होते आणि अर्धा पॉट तुमचा निश्चित होता, त्यामुळे वाढवलेला प्रत्येक चिंचोका तुम्हाला किमान परत मिळणार होता आणि हायही जिंकल्यास मामांचाही तुमच्याकडे येणार होता. अशा जागी नुसती बरोबरी करणे हा संयम नव्हे.

सहाव्या पानानंतर तर तिर्री आली तरी सिक्वेन्स, छक्की आली तरी सिक्वेन्स. प्रत्येकीचे एकेक पान पॅक झालेल्यांकडे दिसून गेले होते, म्हणून न दिसलेल्या 37 पानांत दोन्ही मिळून सहा पाने तुमच्या कामाची उरली होती. स्टडमध्ये आधी दिसून मग पालथी पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात ती याच हिशेबासाठी. आपल्या घरांतील तीन पत्तीत ती सवय लागत नाही.

सातवे पान पाहिल्यावर मामांचा सिक्वेन्सला भारी असा फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) निघाला असता तरी तुमचा अर्धा पॉट सुटणार नव्हता. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पानाला एकेकदा चाल वाढवली असती आणि मामांनी ती भरली असती, तर आणखी 12 चिंचोके आले असते. ते मामांच्याच ढिगात राहिले, आणि त्यात मामांचा काहीही दोष नाही.