सूत्रे पाठ असूनही गणिताची उदाहरणे चुकतात, तर आणखी काय पाठ करावे?

आपण विचारले आहे की बीजगणित, भूमिती आणि संभाव्यतेची सारी सूत्रे तोंडपाठ असूनही शालेय उदाहरणे चुकतात, तर आणखी काय पाठ करावे. आणखी काहीही नाही. इतक्या ठामपणे सांगतो आहे, कारण दहावीत असताना याच मुद्द्यावरून गणित शिकवणाऱ्या माझ्या काकांशी माझा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

दोन नाणी एकदम फेकली असता किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता काढायची होती. दोन छापे, एक छापा व एक काटा, दोन काटे, अशा तीन शक्यता मी धरल्या आणि २/३ हे उत्तर लिहिले. ते चुकले. काकांनी उत्तरपत्रिका पाहताच निदान केले, ‘‘सूत्र पाठ नाही.’’ वास्तविक अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता हेच सूत्र मी वापरले होते. मात्र त्या सर्व शक्यता समसंभाव्य, म्हणजे घडून येण्याची संधी सारखीच असलेल्या, असाव्या लागतात, या अटीचा अर्थ मला कळला नव्हता. त्या रात्री हट्टाने एक काळवंडलेले आणि एक कोरे नाणे घेऊन मी ती १०० वेळा फेकली. दोन्ही काटे २३ वेळा पडले. माझे उत्तर बरोबर असते, तर ते तेहतिसाच्या आसपास पडायला हवे होते. नाणी वेगळी ओळखू येत होती म्हणूनच ध्यानात आले की जुन्यावर छापा व नव्यावर काटा ही एक शक्यता आणि याच्या उलट ही दुसरी. एकूण शक्यता चार, उत्तर ३/४.

पुढे कळले की दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली विश्वकोशातील लेखात २/३ हेच उत्तर मांडले होते. पहिल्या फेकीत छापा पडला की डाव संपतो, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा या तीनच शक्यता त्याने समान धरल्या. त्यालाही सूत्र पाठ नव्हते, असे काका म्हणणार आहेत काय?

बीजगणितात (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहावेसे वाटले, तर २ आणि ३ घालून पाहावे. एकीकडे २५ येतात, दुसरीकडे १३. भूमितीत कोणताही त्रिकोण दिला असेल, तर आकृती मुद्दाम तिन्ही बाजू असमान ठेवून काढावी, नाहीतर न दिलेली समानता डोळ्यांना दिसू लागते आणि नकळत सिद्धतेत शिरते.

अर्थात परीक्षेत वेळ मोजका असतो, तेव्हा वर्गसमीकरणाचे सूत्र पाठच हवे, आणि १०० वेळा नाणी फेकणे ही सिद्धता नव्हे. एवढे काकांचे खरे. परंतु तीन नाण्यांसाठी आठही शक्यता मांडून मी ७/८ काढले, तेव्हा त्यांनी त्याला ‘लांबची पद्धत’ म्हटले आणि सूत्राने आठातून एक वजा करून दाखवला. तो एक म्हणजे कोणती शक्यता, हे मी विचारले होते. त्याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.