‘मला काही नको’ असे लिहून देऊ नकोस

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

परवा संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा माझ्यापुढे ठेवून तू म्हणालीस, “मावशी, एवढी एक सही झाली की मी सुटले.” त्यातल्या सातव्या परिच्छेदात लिहिले होते की, मुलाचा ताबा आईकडे राहील आणि आई स्वतःसाठी किंवा मुलासाठी पोटगी मागणार नाही, तसेच स्त्रीधन आणि सदनिका यांवर कोणताही हक्क सांगणार नाही. तो परिच्छेद वाचून मला तुझ्यासमोर धड बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. वेगळे व्हायचे की नाही हे तू ठरवले आहेस आणि ते मी पुन्हा उकरून काढणार नाही. पण ‘मला काही नको’ असे लिहून देऊ नकोस.

1991 साली मी ते लिहून दिले. मुलगी सहा वर्षांची होती आणि त्या घरातली कवडीही नको, असे मी भर बैठकीत सांगितले होते. आईने लग्नात घातलेल्या चार पाटल्या, ज्यांची नोंद तिने स्वतःच्या हाताने वहीत ‘पाटल्या चार, आठ तोळे’ अशी करून ठेवली होती, त्या मी सासूबाईंच्या कपाटात तशाच सोडून आले. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125व्या कलमाखाली महिन्याला 500 रुपयांपेक्षा जास्त पोटगी मिळत नसे आणि केंद्राने ती मर्यादा काढली 2001 साली. तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, असे मी पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिले. आजही मला वाटते की त्या वेळी माझ्या अंगात तारखांना उभे राहण्याचे बळ नव्हते, आणि नोकरी सांभाळून एकटीने मूल वाढवले याची मला लाज नाही. मात्र हिंदू विवाह कायद्यातल्या पोटगीच्या 24व्या आणि 25व्या कलमांना अशी मर्यादा नव्हती, आणि माझ्या वकिलांनी ते मला सांगितलेही होते. मी ऐकले नाही. 2003 साली मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मी पतपेढीचे कर्ज काढले, तेव्हा त्या कर्जाचे पासबुक हातात धरून तिने विचारले, “आई, तुझे तू सोडलेस, माझ्या वाट्याचे कसे सोडलेस?” त्याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

म्हणून तुझ्या मसुद्यातले ‘मुलासाठी’ हे शब्द आधी काढायला लाव. मुलाची पोटगी मुलाची आहे. आईने सोडली म्हणून त्याचा हक्क बुडत नाही हे खरे, पण मग तो मिळवायला पुन्हा नवा अर्ज, नव्या तारखा, आणि ‘तुम्हीच लिहून दिले होते’ हे प्रत्येक वेळी ऐकून घेणे. ताबा देतो, पोटगी सोड, हा सौदा ज्याने सुचवला त्याला एवढेच सांग की मुलाच्या ताब्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो. शिवाय 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडेच असते. तुझा मुलगा चार वर्षांचा आहे. जे बहुधा तुझ्याकडेच राहणार आहे, त्याची किंमत तू का मोजतेस?

दागिन्यांच्या बाबतीत तर मला तुझा रागच आला. ‘ते लॉकरमध्ये त्यांच्याकडे आहेत, जाऊ दे’ हे काय बोलणे झाले! 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की स्त्रीधन त्या स्त्रीचेच असते, आणि ती सासरी नांदायला गेली म्हणून नवरा त्याचा भागीदार होत नाही. ते परत घेण्यात मिंधेपणा कसला?

सदनिकेचे मात्र तुला वाटते तितके सरळ नाही. पतीच्या मिळकतीत पत्नीचा आपोआप अर्धा वाटा, असे हिंदू विवाह कायद्यात कुठेही नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा असल्याने वेगळा करार नसेल तर दोघांची मिळकत सामाईक धरली जाते. इकडे तसे नाही. इकडे कागद बोलतो. सहा वर्षे गृहकर्जाचा निम्मा हप्ता तुझ्या पगाराच्या खात्यातून गेला आहे. त्याचे उतारे काढून ठेव, कारण करारावर एकट्या नवऱ्याचे नाव असताना तुझ्या हातात तेवढाच पुरावा आहे.

आणि प्रकरण संमतीने मिटले नाही तरी बिचकू नकोस. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मिळकत आणि कर्जे प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवून दिले. तुझा पगारही त्यात खरा लिहावा लागेल. तो लिही. कमावत्या बाईला पोटगी नसतेच, असे तुला कोणीतरी सांगितले आहे, ते चूक आहे. रक्कम कमीजास्त होईल, पण पगारस्लिप पाहून दार बंद होत नाही. स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही, हेही लक्षात ठेव.

वडिलांच्या भेटीबद्दल मसुद्यात ‘सोयीनुसार’ एवढेच आहे. ते बदलून वार, वेळ, मूल कुठे घ्यायचे आणि कुठे परत सोडायचे, सुट्टीतले दिवस, व्हिडिओ कॉल, सगळे लिहून घे. पोटगी थकली तरी भेट अडवू नकोस. मी अडवली होती, आणि त्याचा त्रास माझ्या मुलीने सोसला.

तुला लवकर सुटायचे आहे, हे मला कळते. संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे 2017 पासून कायम आहे, पण त्यासाठीही पोटगी, ताबा आणि इतर सगळे वाद खरोखर मिटलेले असावे लागतात. पोटगी आणि दागिने नीट लिहून घेतल्याने तुझी सुटका लांबेल, ही भीती काढून टाक.

रविवारी दहाला ये. लग्नातल्या दागिन्यांच्या पावत्या, पावत्या नसतील तर लग्नाचा अल्बम, बँकेचे उतारे, मुलाच्या शाळेच्या फीच्या आणि दवाखान्याच्या पावत्या, सगळे एका पिशवीत घालून आण. आपण दोघी टेबलाशी बसून सातवा परिच्छेद नव्याने लिहू आणि सोमवारी तो तुझ्या वकिलांकडे देऊ. मुलालाही घेऊन ये, माझी मुलगी त्या दिवशी घरीच आहे.

तुझी,
मावशी